कनिष्ठेचं तोंड

आमच्या धंद्यातला माणूस लग्नाला गेला की नवरीचे दागिने बघत नाही. हातात अक्षता धरून तो मनातल्या मनात तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत दोरी लावतो. केसांच्या कडेपासून भुवईपर्यंत एक भाग, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. तिन्ही सारखे भरले तर मान डोलावतो, नाहीतर पंगतीकडे वळतो. माझे वडील, आबा, असेच होते. पेणला गणपतीचे कारखाने पैशाला पासरी. आमचा कारखाना मात्र गौरीच्या मुखवट्यांचा. मला अक्षरओळख व्हायच्या आधी आबांनी अंगुळं मोजायला शिकवली. ‘‘विश्राम, गणपतीचं पोट कमीजास्त झालं तर खपतं,’’ ते म्हणायचे, ‘‘गौरीच्या तोंडात व्यंग खपत नाही. माहेरपणाला आलेली देवी आहे ती.’’

पुढे माझं लग्न ठरलं, आणि तेजलच्या चेहऱ्यातला एकही भाग दुसऱ्याशी जुळेना.

नाक जरा बसकं, हनुवटी आखूड. हसली की डावा डोळा उजव्याच्या आधी मिटायचा. वरचा ओठ उजवीकडे किंचित चढलेला, त्यामुळे ती गप्प बसली तरी एक दात बाहेर डोकवायचा, दाराआडून पाहुणे बघणाऱ्या पोरीसारखा. मी तिच्या प्रेमात का पडलो हे आबांच्या दोरीने मोजून सांगता आलं नसतं. पडलो हे खरं.

लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदाआधी घरच्या गौरींपैकी धाकटी, म्हणजे कनिष्ठा, मी नवी करायला घेतली. जुन्या मुखवट्याला तडा गेला होता. तेजलला समोर स्टुलावर बसवलं आणि शाडू मळायला घेतला.

‘‘माझा ओठ आहे तसाच काढणार ना?’’ तिने विचारलं. ‘‘नाहीतर मला कशाला बसवलंस?’’

‘‘तू आहेस तश्शीच काढतोय.’’

मी खोटं बोलत नव्हतो. निदान त्या वेळी मला तसं वाटत होतं. पण माझी नजर तिच्यावर असली तरी हात आबांचा होता. कोरणी ओठापाशी आली की आपसूक खाली उतरायची. अंगठा हनुवटीवर थोडी माती जास्त चढवायचा. नाकाचा दांडा कधी उंच झाला हे माझं मलाच कळलं नाही. मुखवटा तयार झाला, रंगला, डोळ्यांची आखणी झाली, तेव्हा तेजल तो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली.

‘‘खरंच मी अशी दिसते?’’

‘‘मग दुसरी कोण?’’ मी म्हणालो.

ती लाजली. त्या वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, ‘‘अगंबाई, कनिष्ठा म्हणजे अगदी तेजलवहिनी!’’ तेजलने ते वाक्य बारा वर्षं जपून ठेवलं. नवऱ्याच्या डोळ्यांना आपण अशा दिसतो, या एका गोष्टीवर ती मनातून खूश होती.

सहा वर्षांनी इंदू झाली. तिचा ओठ हुबेहूब आईचा. तेजल तिच्या ओठावर बोट ठेवून म्हणायची, ‘‘हा माझा शिक्का.’’

*

गेल्या मार्गशीर्षात कारखान्यातल्या रंगाच्या कंप्रेसरची टाकी फुटली. तेजल मुखवट्यांना पहिला हात देत होती. टाकीचा पत्रा तिच्या तोंडावर बसला. जीव वाचला, डोळे वाचले, आवाजही वाचला. पण भुवईपासून हनुवटीपर्यंत चेहरा म्हणून काही उरलं नाही.

पुण्याच्या ज्या रुग्णालयात तिला नेलं तिथे चेहरे पुन्हा उभारतात. डॉक्टर कर्णिक नावाची माझ्याच वयाची बाई तिथली प्रमुख. सरळ बोलणारी. तिने पहिल्या आठवड्यातच मला बसवून सगळं समजावलं.

‘‘हाड आम्ही छापतो,’’ ती म्हणाली. ‘‘छापतो म्हणजे हाडाची जाळी बनवतो, तिच्यात पेशंटच्याच पेशी पेरतो. चार महिन्यांत जाळी विरघळून जाते, हाड उरतं. वर तिच्याच मांडीच्या पेशींपासून वाढवलेली कातडी. हे सगळं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड एवढंच, की कोणाचा चेहरा छापायचा?’’

‘‘तिचाच. फोटो हजारो आहेत फोनमध्ये.’’

ती खिन्न हसली. ‘‘तेच तर. फोनचा कॅमेरा आता कोणाचाच चेहरा जसाच्या तसा ठेवत नाही. नाक जरा सरळ करतो, ओठ समांतर करतो. इतकं थोडं, की आपल्याला कळत नाही. बंद करायचं बटणही नाही. ओळखपत्रांना बुबुळं पुरतात, म्हणून सरकारकडेही खरा फोटो नाही. गेल्या पंधरा वर्षांत या देशात कोणाचा खरा चेहरा कुठे नोंदला गेलाय का, मला शंका आहे. लहानपणीचे फोटो घेऊन उपयोग नाही, तेव्हा हाडं वाढत होती.’’

मग तिने पडद्यावर मुखमान दाखवलं. मुखमान म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. लग्नाच्या जाहिरातीत उंचीच्या खाली मुखमानाचा आकडा लिहितात. पण ते काय मोजतं हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. चेहऱ्यावर चारशे बारा बिंदू. त्या बिंदूंमधली अंतरं, आणि त्या अंतरांची एकमेकांशी असलेली गुणोत्तरं. पूर्वी लोक एकच सोनेरी आकडा धरून बसले होते, एक पूर्णांक सहा-एक-आठ. तो काही टिकला नाही. मग यंत्रांना लाखो चेहरे दाखवले आणि लाखो माणसांची नजर कुठल्या चेहऱ्यावर किती वेळ रेंगाळते ते मोजलं. तेव्हा एक आकडा नाही, पण गुणोत्तरांचा एक खळगा सापडला. अंगणात पाणी कुठेही सांडलं तरी शेवटी एकाच खळग्यात जमतं, तशी माणसांची पसंती तिथे जमत होती. जो चेहरा त्या खळग्याच्या जितका जवळ, तितकं त्याचं मुखमान शंभराच्या जवळ.

मी विचारलं, ‘‘मग सौंदर्य गणितात बसतं म्हणायचं?’’

‘‘आवडणं बसतं,’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘ओळखणं बसत नाही. तुम्ही गर्दीत बायकोला ओळखता ते ती त्या खळग्यापासून किती आणि कुठल्या बाजूला लांब आहे, त्यावरून. माझं यंत्र गाळलेल्या जागा भरतं. जिथे माहिती नाही तिथे ते खळग्यातला आकडा घालतं. ते सुंदर करेल, त्याला दुसरं काही येत नाही. म्हणून मला तिचं वाकडेपण हवंय. हाताने केलेलं काही आहे का? तुम्ही मुखवटे करता ना?’’

मी कनिष्ठेचं नाव घेतलं.

*

मुखवटा मी ट्रंकेतून काढला, मलमलीत गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला नेला. डॉक्टरने तो तेजलच्या खोलीतच उघडला. तेजलचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं, बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तिचा हात माझ्या हातात होता.

डॉक्टरने मुखवटा उजेडात फिरवून पाहिला. ‘‘सुंदर आहे. मला फक्त एक सांगा. हा त्यांच्यावरून केलात, पण करताना काही सुधारलं होतंत? नाक, ओठ, काहीही? नीट आठवून सांगा.’’

आठवायची गरज नव्हती. मुखवटा माझ्यासमोर होता, आणि त्याचा ओठ सरळ होता. बारा वर्षं मी ते पाहिलं नव्हतं, त्या क्षणी पाहिलं. तोंडावर आलंसुद्धा, की हो, ओठ उतरवलाय, हनुवटी चढवलीय, हा तिचा चेहरा नाही. पण तेजल ऐकत होती. तोंडावर पट्ट्या बांधून पडलेल्या बाईला मी कसं सांगू, की तू स्टुलावर बसली होतीस तेव्हाच मी तुला दुरुस्त केलं होतं?

‘‘रतीभरही नाही,’’ मी म्हणालो.

तेजलने माझा हात दाबला. त्या दाबण्यात आनंद होता, हे मला आजही बोटांना जाणवतं.

तीन दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. ‘‘विश्राम, या मुखवट्याचं मुखमान शहाण्णव येतंय. यंत्राला भरायला जवळजवळ काही उरलंच नाही. माणसाच्या चेहऱ्याचं एवढं मी कधी पाहिलं नाही. तुमची खात्री आहे?’’

ही दुसरी संधी होती, आणि आता तेजल ऐकत नव्हती. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, काय बिघडलं? सुंदर चेहरा कोणाला नको असतो? तिने एवढं सोसलंय, देवानेच हात दिला असं समजू. आणि आत कुठेतरी, लाज वाटते सांगायला, माझ्या हातचं काम जिवंत होणार याचंही अप्रूप वाटलं.

‘‘खात्री आहे,’’ मी म्हणालो. ‘‘माझी बायको सुंदरच आहे.’’

*

चैत्रात पट्ट्या सुटल्या. नर्सने आरसा दिला. तेजलने बघितलं. मी पायथ्याशी उभा होतो. माझ्यासमोर पलंगावर कनिष्ठा बसली होती आणि तिच्या पापण्या हलत होत्या.

तेजल ओरडली नाही. आरसा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, ओठावर बोट ठेवलं, जिथे इंदूच्या ओठावर ठेवायची तिथेच. दात दिसत नव्हता.

‘‘ही मी नाही,’’ ती म्हणाली. आवाज मात्र तिचाच, जराही न बदललेला. ‘‘ही गौर आहे.’’

‘‘तेजल...’’

‘‘म्हणजे तेव्हाही तू मला काढलंच नव्हतंस.’’ ती माझ्याकडे बघत नव्हती, आरशाकडे बघत होती. ‘‘मी बारा वर्षं समजत होते, विश्रामला मी अशी दिसते. तुला मी अशी दिसत नव्हते. तुला मी अशी हवी होते.’’

‘‘हात तसा वळला गं. मुद्दाम नाही केलं.’’

‘‘आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा? तेव्हाही हातच वळला?’’



पेणला आलो. शेजारपाजारच्या बायका दारात जमल्या होत्या. एकीने आल्या आल्या फोन धरला आणि मुखमान काढून सगळ्यांना दाखवलं. ‘‘शहाण्णव! वहिनी, नशीब काढलंत. लोक एवढ्यासाठी धडधाकट जबडा फोडून घेतात.’’ तेजल हसली. हसताना तिचे दोन्ही डोळे एकदम मिटले.

इंदू आतून धावत आली. चार महिने तिने आईला पाहिलं नव्हतं. दारापाशी ती थबकली, तोंड उघडं टाकून वर बघत राहिली. मग तिला शिकवलं होतं तसे दोन्ही हात जोडून तिने डोळे मिटले, नमस्कार केला, आत पळाली आणि देवापुढची कुंकवाची कुयरी घेऊन आली.

‘‘इंदू, अगं मी,’’ तेजल म्हणाली.

पोर माझ्या पायामागे दडली. रात्री जेवताना हळूच मला विचारलं, ‘‘बाबा, आई दवाखान्यातच राहिली का?’’

आम्ही समजावलं, पुन्हा पुन्हा समजावलं. सहा वर्षांच्या पोरीला डोक्याने पटतं आणि पोटात उतरत नाही. तेजल स्वयंपाकघरातून हाक मारायची, तर इंदू ‘‘आले गं आई’’ म्हणून धावायची आणि उंबऱ्यावर थांबायची. आत कनिष्ठा पोळ्या लाटत असायची. इंदू तिला ‘अहो’ म्हणायला लागली, घरी आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं. हट्ट करीना, रुसेना, उष्टं तोंड तिच्या पदराला पुसेना. घरात आता तो वाकडा ओठ पोरीचा एकटीचाच राहिला होता.

*

शेवटी मी डॉक्टरकडे जाऊन सगळं कबूल केलं.

‘‘मी दोनदा विचारलं होतं,’’ एवढंच ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

‘‘परत बदलता येईल?’’

‘‘चेहऱ्याच्या नसा पुन्हा कापाव्या लागतील. एक बाजू लुळी पडण्याची भीती आहे. तरी त्या तयार असतील तर मी करीन. पण मला आकडे द्या. ओठ किती मिलिमीटर वर? हनुवटी किती आखूड? सुंदर कसं करायचं याचे आकडे माझ्याकडे आहेत, तेजल कशी करायची याचे नाहीत. ते फक्त तुमच्याकडे असू शकतात. मातीत करून आणा.’’

मी घरी येऊन शाडू भिजवला. एकवीस दिवस दुसरं काम केलं नाही. डोळे मिटले की तेजल समोर यायची, अगदी जशी होती तशी, हसणारी, तो एक दात बाहेर. डोळे उघडून हात मातीला लावला की कनिष्ठा उतरायची. फोन धरला की त्र्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. मग मी मुद्दाम ओठ वर ओढला, नाक अंगठ्याने दाबलं. वाकडी बाई झाली, तेजल झाली नाही. इंदूला समोर बसवून तिचा ओठ बघत केला. तो इंदूचा झाला, मोठ्या चेहऱ्यावर लहान मुलीचा ओठ. त्या यंत्राला मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या होत्या! आणि तीस वर्षं माझ्या मनगटात दुसरं काय बसलं होतं? आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलेले, फक्त त्याला गुरुजी वेगळे मिळाले.

बाविसाव्या दिवशी तेजल कारखान्यात आली. फळीवर ओळीने ठेवलेली तोंडं तिने बघितली, एकेक करून, शेवटपर्यंत.

‘‘यातली मी कुठली?’’ तिने विचारलं.

मी मान खाली घातली.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘मलाही आता नीट आठवत नाही.’’ आणि माझ्या मातीच्या हातांवर हात ठेवून ती तिथेच बसली. त्या दिवशी मी रडलो. तिला रडता येत होतं की नाही, त्या चेहऱ्यावर मला ओळखू आलं नाही.

*

भाद्रपद आला. मी म्हणालो, यंदा कनिष्ठा नवी करू, ही नको. तेजल म्हणाली, ‘‘तिने काय पाप केलंय? तीच बसू दे.’’ रुग्णालयातून परत आलेल्या मुखवट्यावर मोजणीचे बारीक ठिपके राहिले होते, ते तिने ओल्या फडक्याने पुसले.

गौरी आल्या. तेरड्याच्या जुड्यांना साड्या नेसवल्या, वर मुखवटे बांधले, घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला. हळदीकुंकवाच्या बायका गौरीकडे बघत, मग तेजलकडे बघत. बारा वर्षांपूर्वीचं वाक्य कोणी म्हणालं नाही. इंदू दोन्ही दिवस एका कोपऱ्यात बसून होती. मला वाटलं, मखर बघतेय.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. आमच्याकडे तेरडा पाण्यात सोडतात. मुखवटे काढून, मलमलीत गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ट्रंकेत ठेवतात. मी ज्येष्ठेचा मुखवटा उतरवला. तेजलने कनिष्ठेच्या मागची गाठ सोडली, दोन्ही हातांनी तोंड अलगद उचललं आणि मांडीवर घेतलं. मागे नुसता तेरडा उरला.

इंदू उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःहून इतकी जवळ.

‘‘तिचं काढलंत ना,’’ ती म्हणाली. ‘‘आता तुमचंपण काढा. तीन दिवस झाले. आईला घरी येऊ द्या.’’

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेजलने हातानेच मला थांबवलं. तिने मुखवटा बाजूला ठेवला.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘काढते. पण काढताना बघायचं नसतं. तू तिकडे तोंड कर.’’

इंदूने लगेच पाठ फिरवली आणि वर डोळेही गच्च मिटले. तेजल मागे सरकून बसली, पोरीला दोन गुडघ्यांमध्ये ओढून घेतलं आणि तिच्या वेणीची रिबीन सोडली. कोनाड्यातली फणी घेतली.

‘‘काय गं ही दशा केसांची!’’ ती म्हणाली. ‘‘बाबांनी विंचरले वाटतं? हलू नकोस, भांग वाकडा जाईल.’’

इंदूचे खांदे सैल पडले. ती हळूहळू मागे रेलली, आईच्या छातीला टेकली.

‘‘आई, आलीस?’’

‘‘आले.’’

‘‘किती दिवस लावलेस गं!’’ आणि मग इंदू बोलतच सुटली. शाळेतलं, शेजारच्या मांजरीचं, पडलेल्या दाताचं, नऊ महिन्यांचं साठलेलं सगळं. मधेच एकदा चिडून म्हणाली, ‘‘दुखतंय ना, ओढू नकोस,’’ आणि ती चिडली म्हणून मला भरून आलं.

तेजल तीन पेड घेऊन वेणी घालत होती. हं, हं, म्हणत होती. वेणी शेवटाला आली. रिबिनीची गाठ मारायची तेवढी राहिली. गाठ मारली की इंदू उडी मारून वळणार, आईला मिठी मारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेजलने एकदा माझ्याकडे पाहिलं.

मग तिने रिबीन बाजूला ठेवली, सगळी वेणी बोटांनी सोडून टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.